पट्टी उजव्या गुडघ्याला

"आराम करतेय का तेवढं बघून या," असं इंगवले सरांनी सांगितलं म्हणून मी वैजूच्या दारात गेले, तर वैजू वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन समोरून येत होती.

मला बघून ती थबकली. भारा मोठा होता. त्याच्याखाली फक्त डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत चोरी पकडली गेल्याचा भाव.

"बाई, आज ग्राउंडवर पाय ठेवला न्हाई. शप्पत."

"रानात ठेवलास ना?"

"रान कुठं ग्राउंड हाय?"

तिची आई, हौसाबाई, गोठ्यातून हात पुसत बाहेर आल्या. "या की बाई. सरांनी आराम द्या म्हणून निरोप धाडलाता. दिला की. आज पाण्याला मीच गेले. हिनं आपली नुसती वैरण आणली, गोठा लोटला आन् चार भाकरी थापल्या."

हे त्या कौतुकाने सांगत होत्या. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मी त्या शाळेत शिवणकामाची बाई. मुलींचा व्हॉलीबॉलचा संघ बाहेरगावी न्यायचा तर बरोबर बाईमाणूस हवं, असा नियम. आणि माझे तास सगळ्यांत कमी, म्हणून मी. खेळ मला कुणी शिकवला नाही. मैदानाच्या कडेला बसून काज-बटणं करता करता मी तो शिकले. आधी कोण चुकलं ते कळायला लागलं, मग का चुकलं ते, आणि पुढे पुढे तर कोण आता चुकणार आहे तेही.

इंगवले सरांकडे पूर्वी सगळ्या आजारांवर एकच औषध असायचं, उड्या. हरलात, उड्या. जिंकलात, मग अजून उड्या. पण त्या वर्षी सर पुण्याला कसल्याशा शिबिराला गेले आणि बदलून आले. म्हणाले, रोज सगळं करायचं नाही. बॉलचे दिवस वेगळे, ताकदीचे वेगळे, आणि मधे एक वार पूर्ण आराम. ताकद म्हणे आरामातच भरते. मुली तोंडाला ओढणी लावून हसल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "आराम करायला सर कशाला लागतो, इंगवले?" पण सरांनी आरामाचा वार लावलाच, गुरुवार.

आणि गुरुवार हा आमच्या मुलींचा सगळ्यांत कष्टाचा वार झाला. ग्राउंडवर असलेली मुलगी घरच्यांना सापडत नाही. आराम करणारी सापडते.

हौसाबाईंनी चहा टाकला. वैजू माझ्यासमोर खाली बसली. बसताना तिने डावा पाय आधी पुढे लांब सोडला, मग उजव्यावर भार घेत अलगद टेकली. मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. पण चहा दिल्यावर आईने आणखी साखरेसाठी डबा मागितला तेव्हा ती उठली, तीही तशीच. उजवा गुडघा मुडपून, सगळं अंग त्या एका पायावर उचलून. डावा पाय काठीसारखा सरळ मागून आला.

बशी माझ्या ओठांपाशीच राहिली.

कारण पट्टी उजव्या गुडघ्याला होती. दिवाळीपासून वैजू उजव्या गुडघ्याला ती रबरी पट्टी चढवून खेळत होती, आणि तेव्हापासून सर त्या उजव्या पायाला फुलासारखं जपत होते. उजव्यावर उडी नाही, उजव्यावर वजन नाही. शिबिरात शिकून आले होते ना. आणि उजव्याची कसर भरून निघावी म्हणून डावा पाय तयार करायचा. खांद्यावर वाळूची पिशवी, शाळेच्या स्टेजची उंच पायरी, आणि एकट्या डाव्या पायाने वर, खाली, वर, खाली. "उजव्याला आराम, डाव्याला काम," असं सर तालात म्हणायचे. आमच्याकडे पहिल्यांदाच कुणीतरी एवढा विचार करून एका पोरीला तयार करत होतं.

हौसाबाई आत वळल्या तसं मी हळूच विचारलं, "वैजू, दुखतोय कुठला पाय?"

"उजवा. पट्टी हाय न्हवं का?"

"मग आत्ता उठलीस कुठल्या पायावर?"

ती केसांत अडकलेल्या गवताच्या काड्या काढायला लागली. एकेक काढून मांडीवर ठेवत होती.

"बाईंना स्टँडपातूर सोडून येते गं," तिने आईला आवाज दिला.

आम्ही पांदीच्या वाटेला लागलो. मग पुढे बघतच म्हणाली, "पट्टी चांगल्या पायाला बांधायची असती, बाई."

"कोण म्हणतं?"

"सगळीच बांधत्यात. शबनमनं पण मागल्या साली बांधलीती. दुखऱ्या पायाला बांधली की पलीकडच्यास्नी कळतंय. मग त्या बरोबर त्याच बाजूला बॉल टाकत्यात. चांगल्याला बांधली की तिकडं टाकत्यात आन् फसत्यात. आपल्या शाळेचं हाय ते, पहिल्यापासनं. मोठ्या पोरींनी सांगितलंतं, त्यास्नी पोरांनी."

"आणि सरांना कशाला फसवायचं?"

"मला वाटलं सरांना म्हाईत असंल. मग कळलं, न्हाई म्हाईत. पण तवर सर डाव्याच्या मागं लागलेते."

"सांगायचं की मग."

"काय सांगू? डावा दुखतोय म्हणलं की सर त्याला पण आराम देणार. दोन्ही पायांस्नी आराम दिल्यावर चाचणीला काय डोक्यावर चालत जाऊ?"

मला हसू आलं, आणि आल्याचा राग आला. तिने सलवार वर करून मला जागा दाखवली. गुडघ्याच्या खाली, नडगीच्या हाडावर, एका बोटाने झाकेल एवढी. आधी उडी मारल्यावर दुखायचं. मग पायरी चढताना. आता रात्री झोपेतसुद्धा.

"रविवारपातूर, बाई. रविवारी चाचणी झाली की तुम्ही म्हणाल तो पाय, म्हणाल त्याला दावते."

चाचणी म्हणजे कऱ्हाडला होणारी निवड. तिच्यातून निवडलेल्या मुलींना सरकारी निवासी क्रीडाशाळेत जागा. राहणं, खाणं, शिकणं, खेळणं, सगळं तिथे. आमच्या शाळेतून तोवर एकही मुलगी गेली नव्हती. आणि वैजूचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या साली ती वयात बसणार नव्हती.

"तिथं एवढं काय आहे गं?" मी विचारलं. उगाच. तिने काहीतरी क्षुल्लक सांगावं, म्हणजे माझं काम सोपं होईल.

"मागल्या साली एक पोरगी भेटलीती, तिथली. ती म्हणली, आरामाच्या वारी दुपारच्याला झोपत्यात सगळ्या. फुल झोप. कुणी म्हंजे कुणी उठवत न्हाई."

एसटी आली. मी चढले. ती खाली उभी राहून म्हणाली, "तुम्ही कायबी बघितलं न्हाई, बाई," आणि वळून गेली. चालताना तिचा पाय जराही ओढत नव्हता. तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्राउंडवर गेले तेव्हा वैजू स्टेजच्या पायरीवर होती. खांद्यावर वाळूची पिशवी, डावा पाय वर, अंग वर, अंग खाली. शबनम खाली बसून बुटाची नाडी बांधत होती आणि बांधून झाली तरी बांधतच होती. ती वैजूची जोडीदार. जाळीपाशी बॉल उचलून द्यायचं काम तिचं, मारायचं वैजूचं. तिला सगळं माहीत होतं, हे मला आता दिसत होतं.

सर खुशीत होते. "बघा बाई, डावा कसा पोलादी केलाय."

"सर, जरा इकडे या."

बाभळीखाली नेऊन मी सांगितलं. शिवणकामाच्या बाईने सरांना पाय शिकवावेत हे त्यांना आवडणार नाही, असं मला वाटलं होतं. सर रागावले नाहीत. त्यांनी शिट्टी तोंडातून काढली आणि एवढंच विचारलं, "चांगल्या पायाला?"

"हो. शाळेचा रिवाज आहे म्हणे. पोरांपासून आलेला."

सर खाली बसले. बाभळीचे काटे होते तिथेच बसले.

"पोरांना कुणी शिकवलं ते म्हणाली का?"

"नाही."

"मी." त्यांनी शिट्टी तळहातावर पालथी केली. "माझ्या पहिल्या टीमला. आमचा अनंता शेडगे जायबंदी होता आणि फायनल होती. म्हटलं, पट्टी दुसऱ्या पायाला बांध. पलीकडचे सगळे बॉल चांगल्या बाजूला टाकत बसले. जिंकलो आम्ही. त्या रात्री पोरांनी मला खांद्यावर घेऊन गावातून फिरवलं होतं, बाई. मला वाटलं, ती पोरं गेली तशी ती अक्कलही गेली असेल."

स्टेजवरून पिशवीतली वाळू खाली-वर होण्याचा आवाज येत होता. आम्ही दोघंही तो ऐकत होतो.

"वैजू," सर बसूनच ओरडले, "पिशवी उतर."

ती आली. तिने आधी सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ.

"पट्टी काढ."

तिने उजव्या गुडघ्याची पट्टी गोळा करून काढली आणि सरांच्या हातात दिली. पट्टीखालचा गुडघा गोरा, गुळगुळीत, तान्ह्या पोराच्या गुडघ्यासारखा. त्याला उन्हाने, मातीने, कशानेच हात लावला नव्हता. सरांनी डाव्या नडगीवर अंगठा ठेवला आणि दाबला.

"दुखतंय?"

"न्हाई."

"इथं?"

"न्हाई सर."

डोळ्यांतून पाणी गालावर आलं तरी ती तेच म्हणत राहिली. सरांनी अंगठा काढला.

ती शबनमपाशी जाऊन बसल्यावर सरांनी पट्टीची गुंडाळी केली. मग म्हणाले, "दोन दिवस आहेत."

"कशाला?"

"आजपासून पूर्ण आराम दिला तर. बर्फ लावू. रविवारी सुरुवातीला दोन-चारच उड्या मारायच्या, निवडणाऱ्यांना तेवढ्या पुरतात. हिची एक उडी बघितली की माणूस दुसरीकडे बघत नाही."

"आराम कुठे देणार? तिच्या घरी?"

"तुमच्या घरी ठेवा."

खरं सांगते, मी मनात खाटसुद्धा घातली. खिडकीपाशी, वाऱ्याला. दोन दिवस दार लावून झोपू दे पोरीला. मग मला पिशवीतल्या त्या वाळूचा आवाज आठवला.

"रविवारी आधी डॉक्टर, सर. मग ग्राउंड."

"डॉक्टर नाही म्हणाला तर?"

"तर नाही."

"पुढच्या साली वयात बसत नाही ती."

"माहीत आहे मला."

"आणि हो म्हणाला तर?"

"तर तुमच्या आधी मी ग्राउंडवर असेन."

मी गेले नाही तर मुली गावाबाहेर पडू शकत नव्हत्या. हे मी बोलले नाही. सरांना नियम माहीत होता. त्यांनी पट्टी खिशात घातली.

वैजूला मी दोन रात्री माझ्याकडे ठेवून घेतलं. खाट खिडकीपाशीच घातली. ती झोपली नाही. दोन्ही दिवस उताणी पडून छताकडे बघत होती, आणि मी काही विचारलं की "हं" म्हणायची.

कऱ्हाडचे हाडांचे डॉक्टर म्हातारे होते, रविवारीही सकाळी बसायचे. त्यांनी फोटो काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. मला काहीच दिसेना. मग त्यांनी पेनाचं टोक टेकवलं, आणि दिसलं. कापडात चुकून सुई ओढली जावी तशी रेघ, बारीक, आडवी.

"उडी मारली तर काय हुईल?" वैजूने विचारलं. दोन दिवसांतलं तिचं सगळ्यांत मोठं वाक्य.

"मोडेल. एखाद्या वेळी नाहीही मोडणार. पण मी तुला मारू देणार नाही."

"एखाद्या वेळी न्हाई?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी तो शब्द बोलायला नको होता. तो तिने घट्ट धरला. प्लॅस्टर ओलं असताना, रिक्षात, ग्राउंडच्या फाटकापाशी, ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "एखाद्या वेळी न्हाई म्हणले, बाई. तुम्ही ऐकलं न्हवं?"

मी ऐकलं होतं. आजही ऐकू येतं.

चाचणीला शबनम उतरली. आम्ही कडेला बाकावर बसलो, मधे वैजूचा पांढरा पाय. शबनमने पहिला बॉल उचलला तो खूप उंच, जाळीपासून थोडा लांब. वैजूला लागायचा तसा. तिथे कुणीच नव्हतं. बॉल आला आणि नुसता मातीत पडला. निवडणाऱ्यांपैकी एकाने मान हलवून काहीतरी लिहिलं. शबनमने एकदा आमच्या बाकाकडे बघितलं, हात पुसले, आणि पुढचे सगळे बॉल ठेंगणे, सरळ, कुणालाही मारता येतील असे दिले. ती निवडली गेली. यादीत तिचं नाव वाचलं तेव्हा सगळ्यांत आधी टाळी वैजूने वाजवली. जोरात वाजवली.

परतीच्या एसटीत तिचा पाय आडवा ठेवायला तीन माणसांची सीट लागली. सर जागा असून उभे राहिले. शबनम पुढे, खिडकीला डोकं लावून, जिंकून आलेली मुलगी कशी बसते तशी अजिबात नाही. ओगलेवाडी मागे पडली तसं वैजू मला म्हणाली, "झालं बाई. आता आरामच आराम."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

मी आठवड्याभराने तिच्याकडे गेले. ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, प्लॅस्टरचा पाय पोत्यावर, आणि मांडीवर सूप. शेजारी भुईमुगाच्या शेंगांचा ढीग. हौसाबाई म्हणाल्या, "बसून बसून कंटाळत्येय. म्हणलं, पाय मोडलाय, हात मोकळं हायत की." वैजू शेंगा फोडत राहिली. टरफलांचा आवाज तेवढा येत होता.

सरांनी पुढच्या सोमवारी सगळ्या मुलींना एका रांगेत बसवलं आणि म्हणाले, पट्ट्या आणा. आल्या तेवढ्या पट्ट्या त्यांनी घरी नेल्या. काय केलं त्यांचं ते कुणी विचारलं नाही. आरामाचा वारही बदलला. आता मुलींनी गुरुवारी ग्राउंडवर यायचं, हजेरी द्यायची, आणि बाभळीखाली सतरंजी टाकून पडून राहायचं. मुख्याध्यापक पुन्हा काही म्हणाले नाहीत. वैजूचा पाय सांधला. पण उडी पहिल्यासारखी झाली नाही, किंवा तिने ती तशी मारली नाही. शाळा सुटली, ती कॉलेजला गेली, आणि नंतर कानावर येत राहिलं ते दुसऱ्यांकडून. बी.पी.एड. केलं. कुठेतरी लागली. लग्नाची पत्रिका आली, तीत तिचं अक्षर नव्हतं.

परवा तिची गाठ पडली ती वेगळ्याच निमित्ताने. आमच्या शाळेची एक मुलगी निवडली गेली होती, तिला पोचवायला. निवासी क्रीडाशाळा तीच. मुलींच्या विभागाच्या प्रशिक्षक म्हणून दारावर पाटी होती, तीवर वैजयंता असं पूर्ण नाव, सासरच्या आडनावासकट. तरी मी ओळखलं.

दुपार होती. आत शिरले तर सगळीकडे शुकशुकाट. मी म्हटलं, "अगं, मुली कुठे..." आणि ती समोरून आली, ओठांवर बोट ठेवून. अंगाने भरली होती. चाल तीच.

"गुरुवार आहे, बाई," ती अगदी हळू म्हणाली.

तिने मला दारातून दाखवलं. लांबलचक खोली, पडदे ओढलेले, दोन्ही बाजूंना खाटा, आणि प्रत्येक खाटेवर एकेक मुलगी गाढ झोपलेली. कुणाचा हात खाली लोंबत होता, कुणाचं तोंड उघडं. एकीचा बॉल तिच्या उशाशी. आमची मुलगी पिशवी घेऊन तशीच उभी होती. वैजूने तिला रिकाम्या खाटेकडे बोट दाखवलं.

मग तिने मला व्हरांड्यात बाकावर बसवलं. पायऱ्या चढताना मी कण्हले होते ते तिने ऐकलं असणार. माझ्या उजव्या गुडघ्याला हल्ली पट्टी असते. वय झालं, आणि शिवणयंत्राचा पायटा वर्षानुवर्षं त्याच पायाने मारला. वैजू माझ्यासमोर खाली बसली. बसताना डावा पाय तिने आधी लांब सोडला.

"थंडीत दुखतो का गं?" मी विचारलं.

"दुखतो."

ती एवढंच म्हणाली. पुढचा प्रश्न गेली कितीतरी वर्षं माझ्यापाशी तयार होता. तो तिनेच ओळखला असावा. "मोडला असता का नसता, ते आता त्या पायालाच माहीत, बाई," असं म्हणून तिने माझ्या साडीची निरी बाजूला केली, आणि माझ्या डाव्या गुडघ्याखाली अंगठा टेकवून हळूहळू दाबत गेली.

"अगं, हा नाही. पट्टी त्याला आहे."

"असू दे," ती म्हणाली. "मी आधी हाच बघते."